विमानाआधी अर्धा लिटर: म्युनिक विमानतळावरचं एअरब्रॉय

जावयाने विमानतळावर सोडलं तेव्हा विमानाला साडेचार तास होते. आमच्या ह्यांना उशिराची भयंकर धास्ती, त्यामुळे आम्ही कुठेही असेच पोचतो. या वेळी मात्र मी कुरकुर केली नाही. म्युनिकच्या विमानतळावर चक्क तिथल्या तिथे बिअर बनवतात, हे लेकीने सांगून ठेवलं होतं.

ही बिअर बनवणारं रेस्टॉरंट, एअरब्रॉय, दोन टर्मिनलांच्या मधल्या चौकात आहे, तंबूसारख्या भल्यामोठ्या छपराखाली. १९९९ पासून चालू आहे. आत तांब्याची चकचकीत भांडी दिसली, मला वाटलं शोभेची असतील. पण नाही, बिअर खरोखर इथेच तयार होते. नावंही विमानतळाला शोभणारी: फ्लीगरक्वेल (वैमानिकाचा झरा), जेटस्ट्रीम (उंचावरचा वेगवान वारा), कुमुलुस.

मी कुमुलुस मागवली. ही गव्हाची बिअर. उंच, कमरेत बारीक ग्लास, आत गढूळ सोनेरी रंग आणि वर चार बोटं फेस. कुमुलुस म्हणजे कापसाच्या पुंजक्यासारखा ढग. फेस बघून नावाचा अर्थ कळला. नाकाशी नेली तर पिकलेल्या केळ्याचा वास, मागून किंचित लवंग. केळं, लवंग काही घातलेलं नसतं, सगळी यीस्टची करामत. कडवटपणा जेमतेम, त्यामुळे ‘बिअर कडू लागते’ म्हणणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. ह्यांनी सोडा घातलेला सफरचंदाचा रस घेतला. ग्लास आल्यावर मी बिअर माझ्याकडे ओढली, तर शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आपला ग्लास उंचावून मला दाद दिली. ह्यांनीही मग रसाचा ग्लास उंचावला.

शनिवार असल्यामुळे सॉसेज बाद. (शनिवारी बिअर कशी चालते, हे कृपया विचारू नका.) मग ब्रेत्झेल, म्हणजे गाठ मारल्यासारखा जर्मन पाव, आणि ओबात्स्डा. ओबात्स्डा म्हणजे पिकलेलं केमांबेर चीज, लोणी, लाल पेपरिका (सौम्य मिरचीपूड) एकत्र कालवून केलेला नारिंगी गोळा, वर कच्चा कांदा. पहिल्या घासाला वास जरा अंगावर येतो. दुसऱ्या घासाला कळतं की हे बिअरसाठीच जन्मलंय. ब्रेत्झेलचा जाड भाग मऊ, टोकं कुरकुरीत, वर खडेमीठ. ते खाल्लं की घोट हवाच, आणि घोट घेतला की पुन्हा ब्रेत्झेल. ह्यांचे केझश्पेट्झ्ल, म्हणजे चीजमध्ये घोळवलेल्या शेवया आणि वर तळलेला कांदा, चांगले होते पण जड. दोघांत एक प्लेट पुरे.

जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्या. ही जागा सुरक्षा तपासणीच्या बाहेर आहे. बोर्डिंग पास लागत नाही, पण भारतीय पासपोर्टवर युरोपाबाहेर जाताना म्युनिकला नुसतं विमान बदलणार असाल, तर शेंगेन व्हिसाशिवाय इथवर येता येणार नाही. आणि तपासणीचा वेळ राखून उठा. ग्लास अर्ध्या लिटरचा असतो, घटाघटा संपवायची ही बिअर नव्हे.

उरलेलं अर्धं ब्रेत्झेल मी कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं, ते स्कॅनरमधून सुखरूप पार झालं. ओबात्स्डा मात्र बसल्या जागीच संपवा, मऊ चीज द्रवपदार्थांच्या नियमात अडकू शकतं.