मेंढ्यांच्या फोटोत त्याला हरणं दिसली, तेव्हाच थांबायला हवं होतं

खान्देशात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा. फोटोंवर अभिप्राय देतो म्हणणाऱ्या एका भामट्यापायी माझे ₹२१,३४९ गेले. आधी ४९९, मग २,९५०, मग ६,४०० आणि शेवटी ११,५००. सतरा दिवसांत चार वेळा मी माझ्याच हाताने पिन टाकला. लिहिताना लाज वाटते, पण गप्प बसलो तर पुढचा नंबर तुमच्यापैकी कुणाचा तरी लागेल.

मी धुळ्यात शिक्षक आहे. सहा वर्षं झाली, रविवारी पहाटे उठून निघतो. कधी लळिंग, कधी अनेर धरण, जोडून सुट्टी आली तर तोरणमाळ. नुसता डोंगर मला पुरत नाही, त्यात जनावर लागतं. पाण्यात बसलेल्या म्हशी, यशवंत तलावाच्या काठच्या गायी, ठेलाऱ्यांच्या, म्हणजे इथल्या मेंढपाळांच्या मेंढ्या. जनावर आलं की माळाला माप मिळतं. पण फोटो कुणालाही दाखवा, "एक नंबर, सर!" यापुढे कुणी बोलत नाही. कुठे चुकलं ते सांगणारा माणूस मला हवा होता. मला कुणी लॉटरी दाखवली नव्हती, पैसे दुप्पट करून देतो म्हटलं नव्हतं. शिकायला म्हणून गेलो आणि फसलो, एवढं तरी लक्षात घ्या.

त्या भामट्याचा पहिला मेसेज असा होता: "तुमच्या निसर्गचित्रांत जनावरं आहेत, पण गोष्ट नाही. कारण ऐकायची तयारी आहे?" सविस्तर अभिप्रायाचे ४९९ रुपये. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझे फोटो नीट पाहिले असं मला वाटलं. तीन फोटो पाठवले. त्यातला जीव लावलेला एक लळिंगचा. दिवाळीनंतर ठेलारी मेंढ्या घेऊन निघतात, तेव्हाचा. किल्ल्याखालचा माळ, खुरांनी उडालेल्या धुळीत कोवळं ऊन, पुढे बिऱ्हाड लादलेलं घोडं, मागे कळप. कळप पूर्ण पाठमोरा. एकाही मेंढीचं तोंड दिसत नाही.

दोन दिवसांनी दोन पानांची पीडीएफ आली. रचना, प्रकाश, रंग, सगळे मोठमोठे शब्द. आणि पहिल्या पानावर, मधोमध हे वाक्य: "कळपातील हरणांच्या डोळ्यांतील चमक अप्रतिम टिपली आहे."

हरणं? तीन फोटोंत मिळून एक हरीण नाही. मेंढ्या, म्हशी, गायी. डोळे तर लांबच राहिले. मी ते वाक्य वाचलं, परत वाचलं, आणि स्वतःची समजूत घातली की सर कामात असतील, घाईत मेंढ्यांचं हरीण झालं असेल. बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "अहो, यात हरीण कुठंय?" तिच्यावर मी चिडलो! त्या क्षणाची मला अजून चीड येते. मुलाने पेपरात असं उत्तर लिहिलं असतं तर कॉपी केली हे मी एका ओळीत ओळखलं असतं. रोज वह्या तपासणारा माणूस मी. त्याने माझा फोटो उघडलाच नव्हता. तोच मजकूर तो सगळ्यांना पाठवत होता आणि मी तो कपाटात जपून ठेवायला प्रिंट करून आणला.

पुढे काय झालं ते ऐका. फोटो मुंबईच्या एका कलादालनातल्या प्रदर्शनासाठी निवडला म्हणाला, नोंदणी २,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५०. मग मोठी प्रिंट आणि फ्रेम ६,४००. मग परत मिळणारी अनामत ११,५००. पावतीवर जीएसटी क्रमांक होता म्हणून मी निर्धास्त झालो. तो क्रमांक १३ अक्षरी होता. खरा १५ अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. अरे, पैसे पाठवण्याआधी मोजा! जीएसटीच्या पोर्टलवर तपासायला दोन मिनिटं लागतात. पैसे पाठवताना स्क्रीनवर येणारं नावही वाचा. माझ्या चार व्यवहारांत तीन वेगळी नावं आली होती. "आमचे अकाउंटंट," म्हणाला, आणि मी मान डोलावली. अनामत गेल्यावर नंबर बंद. त्या कलादालनात फोन केला, तर अशा प्रदर्शनाचं बुकिंगच नव्हतं.

आता तक्रारीचं ऐका. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावली, दोनदा फोन कट झाला, तिसऱ्यांदा चाळीस मिनिटांनी लागला. तिथल्या बाईंनी निदान नीट लिहून घेतलं, पोचक्रमांक दिला. बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकलात ना?" एवढंच. मान्य, मीच टाकला. पण ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवायला पुढे कळवा म्हणतोय, तर म्हणे आधी पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे सायबरला जा. सायबरला गेलो तर म्हणे रक्कम छोटी आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. पुन्हा ठाण्यात. ऑनलाइन तक्रारीची प्रिंट, बँकेचं स्टेटमेंट, आधारची झेरॉक्स, तिन्ही तीनदा दिल्या. एका साहेबांनी विचारलं, "फोटो कशाचा होता?" म्हटलं, मेंढ्यांचा. ते शेजारच्याकडे बघून हसले. "मेंढ्यांच्या फोटोला एकवीस हजार!" भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड आहे, हे मी घरून वाचून गेलो होतो. बोलायला तोंड उघडलं तर "सर, तुम्ही शाळेत शिकवा." माझे चार अर्धे दिवस रजेत गेले. हातात काय? मोबाइलवर एक ओळ, तक्रार प्रक्रियेत आहे. पैसे माझे गेले, चोर मोकळा फिरतोय, आणि खाली मान घालून उभं राहायचं ते मी!

तरीही तक्रार कराच, आणि पहिल्या तासात करा. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, आधी लिहून ठेवा, तो नसेल तर फोनवर अडता.

शेवटी तोच फोटो घेऊन आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतल्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, प्रिंट खिडकीपाशी धरली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग अहिराणीत म्हणाले, "मेंढ्या कथा चालन्यात, भाऊ?" म्हणजे, कुठे चालल्यात? "तिकडे जागाच सोडली नाहीस तू." पुढे बोटाने दाखवलं: घोड्याचं डोकं मागच्या डोंगराच्या काळ्या रेषेत बुडालंय, खाली बसून घेतला असतास तर ते आभाळात आलं असतं. शटर १/६० वर असेल तर चालत्या मेंढीचे पाय पुसट येणारच, १/२५० ठेवायचा. धूळ मात्र छान धरलीस. दहा मिनिटं. चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

अजून एक. त्याने छपाईसाठी म्हणून माझी मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली पूर्ण फाइल, मागून घेतली होती. अभिप्रायासाठी लांब बाजू १,२०० पिक्सेल भरपूर होते, मूळ फाइल कुणालाही देऊ नका. मागच्या आठवड्यात शहाद्याच्या एका मित्राला नव्या नंबरवरून तोच मेसेज आला, "तुमच्या निसर्गचित्रांत जनावरं आहेत, पण गोष्ट नाही." सोबत "आमच्या विद्यार्थ्याचं निवडलेलं चित्र" म्हणून लळिंगचा माळ, पुढे बिऱ्हाडाचं घोडं, मागे पाठमोऱ्या मेंढ्या. तो फोटो माझा आहे. मी तो कुणाला विकलेला नाही. तो दाखवून कुणी ४९९ मागितले, तर नंबर आणि स्क्रीनशॉट मला लगेच पाठवा, मी तक्रारीला जोडतो.