गावातल्या छोट्या थिएटरची मेंबरशिप आणि ऑस्कर सीझन: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, बेस्ट पिक्चरच्या नॉमिनेशनवाले सिनेमे बघायला म्हणून अशी मेंबरशिप घेणार असाल तर घेऊ नका, शॉर्ट फिल्म्स आणि डॉक्युमेंट्रीसाठी घेणार असाल तर डोळे झाकून घ्या. बाकी खाली जे लिहिलंय ते याचंच स्पष्टीकरण, आणि थोडी कुरकुर.

सेंट्रल न्यू जर्सीत आमच्या गावात एक जुनं, दोन स्क्रीनचं थिएटर आहे, नॉन-प्रॉफिट, तिकिटं तपासायला रिटायर्ड आजी-आजोबा व्हॉलंटिअर म्हणून उभे असतात. नाव मुद्दाम लिहीत नाही, तक्रारी बऱ्याच आहेत आणि माणसं भली आहेत. अमेरिकेत बऱ्याच गावांत असं एखादं थिएटर असतंच, त्यामुळे तुमच्याकडच्यालाही यातलं बरंच लागू पडेल.

मी तिथे गेलो ते २०२४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर, 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' लागला होता म्हणून. कान फेस्टिव्हलला ग्रां प्री मिळाल्यापासून बघायचा होता, नंतर पायल कपाडियाला गोल्डन ग्लोबचं दिग्दर्शनाचं नॉमिनेशनपण मिळालं (भारतातून त्या विभागात पहिलंच), आणि आमच्या जवळच्या मल्टिप्लेक्सांत मोठे हिंदी-तेलुगू पिक्चर पहिल्या दिवशी लागतात पण हा काही दिसला नाही. त्यात छाया कदम आहे, हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती, नवरा गेलाय, घराचे कागद नाहीत, बिल्डर बाहेर काढायला बसलाय, शेवटी ती गाशा गुंडाळून कोकणात जाते. तिने काय काम केलंय ते लिहायला बसलो तर हा रिव्ह्यू राहूनच जाईल. सिनेमा संपल्यावर शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं की मुंबईत घर खाली करून घेताना खरंच असं होतं का, आणि मग लॉबीत उभ्या उभ्या आमचं गिरण्या, चाळी, टॉवर असं सगळं बोलणं झालं, बायको गाडीत हीटर लावून वाट बघत बसलेली. त्याच आठवड्यात दोघांची मेंबरशिप घेतली, शंभर डॉलरच्या आसपास पडली.

आता मुख्य सीझन. २०२५ ची नॉमिनेशन्स २३ जानेवारीला आली, लॉस एंजेलिसच्या आगींमुळे पुढे ढकलली होती, आणि सोहळा २ मार्चला. म्हणजे जेमतेम सव्वा महिना, त्यात बेस्ट पिक्चरचेच दहा. थिएटरवाले त्यातले बरेचसे परत लावतात, मेंबरला तिकीट स्वस्त, ऐकायला छान वाटतं, पण वेळा बघा ना, मंगळवारी दुपारी एक, गुरुवारी चार. नोकरी करणाऱ्याने काय करायचं? प्रेक्षक सगळे रिटायर्ड त्यामुळे त्यांना चालतं. शिवाय यातले अर्धे तोवर घरी भाड्याने मिळतात किंवा कुठल्यातरी ॲपवर आलेले असतात, आणि इथला मोठा स्क्रीनसुद्धा मल्टिप्लेक्सच्या मधल्या स्क्रीनएवढाच आहे.

एक अपवाद, 'द ब्रूटलिस्ट'. साडेतीन तासांच्या वरचा सिनेमा आणि मधे चक्क १५ मिनिटांचा इंटरव्हल, तोही सिनेमाचाच भाग, पडद्यावर एक फोटो आणि उलटं मोजणारं घड्याळ. अमेरिकेत इतकी वर्षं इंटरव्हलशिवाय सिनेमे बघून माझं मूत्राशय तयार झालंय पण इथली जनता पार गोंधळली होती, काही लोकांना वाटलं प्रोजेक्टर अडकला, एक आजोबा कोट घालून निघालेच होते, त्यांना व्हॉलंटिअरने परत आणून बसवलं. आपण मात्र सरावाने उठलो, पॉपकॉर्न घेतलं, घड्याळात दोन मिनिटं उरली असताना जागेवर हजर.

आता शॉर्ट्स, म्हणजे पैसे वसूल व्हायची जागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऑस्करला शॉर्ट फिल्मचे तीन विभाग असतात, लाइव्ह अ‍ॅक्शन, अ‍ॅनिमेशन, डॉक्युमेंट्री, प्रत्येकात पाच नॉमिनेशन्स, आणि क्रेडिट्स धरून ४० मिनिटांची मर्यादा. २००६ पासून शॉर्ट्सटीव्ही (शॉर्ट फिल्म्सचं चॅनल) वाले हे पाच-पाच एकत्र करून थिएटरांना देतात. एका तिकिटात एक विभाग. आमच्याकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू होतात आणि नशिबाने याचे शो संध्याकाळी आणि वीकेंडला पण असतात.

लाइव्ह अ‍ॅक्शनमध्ये २०२५ ला 'अनुजा' होती, दिल्लीतल्या कपड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट, आणि त्यात मालकाच्या भूमिकेत आपले नागेश भोसले! हॉलमध्ये त्यांना ओळखणारे आम्ही दोघंच असणार. बक्षीस मात्र 'आय अ‍ॅम नॉट अ रोबोट' या डच फिल्मला गेलं, आणि माझ्या मते बरोबर गेलं, अनुजा गोड आहे पण जिथे खरी टोचायला हवी तिथे हात आखडते.

डॉक्युमेंट्रीचं पॅकेज अडीच तासांच्या वर जातं आणि इंटरव्हल नाही, तेव्हा पाणी कमी पिऊन जा. त्या वर्षी एकात शाळेतल्या गोळीबारातून वाचलेली मुलगी, एकात टेक्सासमधला फाशीचा कैदी, एकात शिकागोच्या पोलिसांनी रस्त्यात गोळ्या घातलेला माणूस. जपानी शाळेतली पहिलीची मुलं बँडसाठी वाद्यं वाजवायला शिकतात ती फिल्म आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रामधल्या ओरिन ओब्रायन बाईंची फिल्म नसती तर मी मधेच उठलो असतो. या बाईंना १९६६ मध्ये कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइनने घेतलं, डबल बास वाजवायला, आणि त्यांच्यावर फिल्म बनवणारी त्यांचीच भाची, आणि बाईंना मुळात स्वतःवर फिल्म कशाला हेच कळत नाही. ऑस्कर हिलाच मिळालं.

आता कोणी म्हणेल यातल्या बऱ्याच ऑनलाइन आहेत की, अनुजा आणि ओब्रायन बाई नेटफ्लिक्सवर, शिकागोवाली 'इन्सिडेंट' तर यूट्यूबवर फुकट. खरंय. पण ती 'इन्सिडेंट' नुसत्या पोलिसांच्या बॉडीकॅमच्या (अंगावर लावलेल्या कॅमेऱ्याच्या) आणि सीसीटीव्हीच्या फुटेजची आहे, पडद्याचे तुकडे करून एकाच क्षणाचे वेगवेगळे कॅमेरे एकदम दाखवलेत, फोनवर ते मुंग्यांसारखं दिसतं. आणि मुख्य म्हणजे घरी आपण लावतच नाही हो. वॉचलिस्टमध्ये टाकून ठेवतो आणि परत तीच जुनी कॉमेडी बघतो.

अ‍ॅनिमेशनबद्दल पालकांसाठी मोठ्या अक्षरात: अ‍ॅनिमेशन म्हणजे मुलांचं नव्हे. बेल्जियमची एक फिल्म तीन टकल्या भावांची, केस लावून घ्यायला इस्तंबूलला जातात आणि अपॉइंटमेंट एकाचीच निघते, भारी आहे पण मोठ्यांची आहे. सुरू व्हायच्या आधी व्हॉलंटिअर काकूंनी पुढे उभं राहून तसं सांगितलं तरी एक कुटुंब दोन लहान पोरांना घेऊन बसून राहिलं आणि मग अर्ध्यातून गेलं. मुलांना न्यायचंच असेल तर आधी काउंटरवर विचारा. इराणच्या 'इन द शॅडो ऑफ द सायप्रस'ला एक संवाद नाही, २० मिनिटं, मला पाचांत तीच आवडली आणि ऑस्करही तिलाच मिळालं, तिच्या दोघा दिग्दर्शकांना व्हिसा अगदी शेवटच्या क्षणी मिळाला होता, ते विमानतळावरून जवळपास थेट सोहळ्यालाच पोचले. व्हिसाची लाइन माहीत असलेल्या आपल्या लोकांना यातली घालमेल वेगळी सांगायला नको.

आई-बाबा किंवा सासू-सासरे आले असतील तर एक टिप. इंग्लिश संवाद त्यांना भराभर कळत नाहीत म्हणून नेत नसाल तर कॅप्शनचं यंत्र मागा, फुकट मिळतं, अमेरिकेत डिजिटल थिएटरांना ते ठेवावंच लागतं. वाकणारी दांडी असते, खालचं टोक कपहोल्डरमध्ये बसवायचं आणि वरच्या छोट्या डब्यात हिरवी अक्षरं येतात. आमच्या इथे अर्धे कपहोल्डर तुटलेले, त्यामुळे दांडी हळूहळू कलते आणि सासरेबुवा सिनेमाभर एका हाताने ती धरून बसले होते, पण सिनेमा त्यांना कळला आणि घरी येऊन तावातावाने वाद घातला. परभाषेतल्या शॉर्ट्सना मात्र पडद्यावरच सबटायटल असतात, तिथे ही कसरत नाही.

तक्रारी उरकून घेतो. छोट्या स्क्रीनमध्ये हीटर एकतर चालत नाही किंवा भट्टी होते, जॅकेट मांडीवर ठेवूनच बसा. ऑनलाइन बुकिंगला मेंबरचा डिस्काउंट पडतो पण वर फी लागते, म्हणजे एका हाताने दिलं दुसऱ्याने काढलं, काउंटरवर घ्या. सिनेमानंतरची चर्चा दर वेळी एकच गृहस्थ खाऊन टाकतात, प्रश्न म्हणून सुरू करतात आणि स्वतःच्या कॉलेजच्या आठवणींवर संपवतात, पुण्यात फिल्म आर्काइव्हला चर्चा ऐकलेल्यांना ही जमात ओळखीची वाटेल.

एक मजा मात्र आहे, लॉबीत कागदी बॅलट ठेवतात, विजेत्यांवर खुणा करून डब्यात टाकायच्या, जास्त बरोबर आलेल्याला फुकट तिकिटं. या आज्या सगळं बघून, वही घेऊन खुणा करतात, माझा काही टिकाव लागला नाही. अ‍ॅकॅडमीने (ऑस्कर देणाऱ्या संस्थेने) आता मतदारांना त्या विभागातले सगळे सिनेमे बघणं सक्तीचं केलंय, आमच्या लॉबीत तो नियम आधीपासून होता म्हणायचा.

अजून एक मागणी त्यांच्या सूचनापेटीत टाकलीय. रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'ला सनडान्स फेस्टिव्हलला २०२५ मध्ये वर्ल्ड सिनेमाचं ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं, मराठी सिनेमा आहे, तो लावा. मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकून हॉल भरायची जबाबदारी घेतो असंही लिहिलंय, उत्तर अजून नाही.

रिन्यू केलीय, पण दोघांची नाही, एकट्याची. बायको अ‍ॅनिमेशन सोडून क्वचितच कशाला येते आणि तिचं तिकीट सुटं काढलं तर स्वस्त पडतं.