कविता पाठवायची कुठे: कवितेचं नियतकालिक की दिवाळी अंक?

दिवाळी अंकाची परंपरा १९०९च्या ‘मनोरंजन’पासूनची. वाचक भरपूर, पण कवितेच्या वाट्याला पानं मोजकीच. नवख्या कवीची एखादीच कविता लागते, तीही बऱ्याचदा कथेखाली उरलेल्या जागेत. तिथे अरुंद रकान्यात लांब ओळ मोडते आणि मुक्तछंदाची लयच बिघडते. साहित्य जुलै-ऑगस्टपर्यंत पोचायला हवं.

पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५मध्ये धुळ्याहून सुरू केलेल्या ‘कवितारती’सारख्या केवळ कवितेच्या नियतकालिकाचं गणित निराळं. वाचक कमी, पण कवितेसाठीच अंक उघडणारे. इथे एका कवीच्या चार-पाच कविता सलग येऊ शकतात, म्हणून त्याचा सूर कळतो. नामवंताशेजारी नवा कवी, आणि विस्मृतीत गेलेल्या कवीवर लेख, हे अशाच अंकात शोभतं. नव्या कवीने आधी इथेच पाठवावं, असं आमचं ठाम मत आहे.

कविता युनिकोडमध्ये टंकून सोबत पीडीएफही जोडा. जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर करताना ‘दऱ्या’मधला ऱ्य हमखास तुटतो, कडव्यांमधली मोकळी ओळही गळते, पीडीएफ असली की मुद्रितशोधकाला मूळ रूप ताडून पाहता येतं. एकच कविता दोन्हीकडे मात्र पाठवू नका.