फॅक्टरी आयओ आणि ओपनपीएलसी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स विभागात काम करतो. लाइनवर पीएलसी (यंत्रे चालवणारे औद्योगिक कंट्रोलर) भरपूर आहेत, परंतु चालू लाइनच्या प्रोग्रॅमला हात लावून शिकण्याची मुभा कोणी देत नाही आणि ती न देणेच योग्य आहे, कारण एखादे आउटपुट भलत्या वेळी चालू झाले तर सिलिंडरखाली कोणाचा हात असेल हे सांगता येत नाही. क्लासमध्ये बहुधा एका ट्रेनर किटभोवती सगळी बॅच बसते, आणि त्या किटवर असतात चार बटणे आणि चार दिवे. दिवा लागला म्हणजे लॅडर (शिडीसारख्या आकृतीत लिहिलेला पीएलसीचा प्रोग्रॅम) बरोबर, एवढेच त्यावरून कळते. म्हणून मी सिम्युलेशनकडे वळलो. त्यासाठी निवडलेली जोडी अशी : कारखान्याचे त्रिमितीय दृश्य दाखवणारे ‘फॅक्टरी आयओ’ हे पोर्तुगालच्या रिअल गेम्स या कंपनीचे विकतचे सॉफ्टवेअर, आणि कंट्रोलरच्या जागी ‘ओपनपीएलसी’ हे पूर्णपणे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर.

दोन्हींची जोडणी मॉडबस टीसीपीवरून, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या मॉडबसवरून होते. मॉडबस हा उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याचा १९७९ सालचा प्रोटोकॉल आजही शॉपफ्लोअरवर सर्रास चालतो, त्यामुळे तो शिकण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. नवशिके अडखळतात ते पत्त्यांपाशी. फॅक्टरी आयओला मॉडबस सर्व्हर करून ओपनपीएलसीमध्ये त्याची स्लेव्ह (विचारल्यावर उत्तर देणारे उपकरण) म्हणून नोंद केली, तर त्याचे इनपुट आणि आउटपुट शून्यापासून सुरू न होता शंभरपासून सुरू होतात. म्हणजे पहिला सेन्सर ०.० वर न दिसता १००.० वर दिसतो. एवढे ध्यानात ठेवले, आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये ५०२ हा पोर्ट मोकळा असल्याची खात्री केली, की पुढे फारसा त्रास होत नाही.

फॅक्टरी आयओचे खरे बळ असे, की त्यातल्या वस्तूंना वजन आणि आकार असतो, आणि त्या एकमेकींना अडवतात. खोकी मोजण्याचा साधा प्रोग्रॅम घ्या. थांबवणाऱ्या पट्टीमागे खोकी एकाला एक चिकटून उभी राहतात. पट्टी खाली गेली की ती तशीच चिकटलेली सेन्सरसमोरून निघतात, सेन्सर मध्ये कुठेही बंद होत नाही, आणि रायझिंग एजवर (सिग्नल बंदचा चालू होण्याच्या क्षणी) चालणारा काउंटर तीन खोक्यांना एकच मोजतो. लॅडरमध्ये कितीही शोधले तरी दोष सापडत नाही, कारण दोष लॅडरमध्ये नसतोच. पुढचा कन्व्हेअर मागच्यापेक्षा थोडा वेगाने चालवला की खोक्यांमध्ये फट पडते आणि मोजणी बरोबर येते. प्रत्यक्ष लाइनवरही हाच उपाय केला जातो. बटणे-दिव्यांच्या किटवर हा प्रश्न समोर येण्याचीच शक्यता नाही.

तथापि, माझ्या मते या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोलाचा भाग वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. त्यातल्या कोणत्याही सेन्सरमध्ये किंवा ॲक्च्युएटरमध्ये (हालचाल घडवणाऱ्या भागामध्ये) मुद्दाम बिघाड घालता येतो. सिग्नल कायमचा चालू किंवा कायमचा बंद अडकवून ठेवता येतो. मेंटेनन्सच्या माणसाला नवा प्रोग्रॅम क्वचितच लिहावा लागतो. लाइन का थांबली, हा प्रश्न मात्र त्याला प्रत्येक शिफ्टमध्ये सोडवावा लागतो. म्हणून मी सहकाऱ्याला एक बिघाड घालून ठेवायला सांगतो आणि केवळ लॅडर ऑनलाइन पाहून तो शोधतो. खोके ढकलणाऱ्या पुशरचा पुढचा लिमिट सेन्सर (पुशर टोकाला पोहोचल्याचे सांगणारा) बंद अडकवला, तर पुशर पुढे जातो आणि तिथेच उभा राहतो, कारण पुढची पायरी त्या सिग्नलची वाट पाहत असते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की पुशर अडकला. लॅडरवर मात्र स्पष्ट दिसते, की आउटपुट चालू आहे आणि परतीच्या ओळीतला एकच कॉन्टॅक्ट उघडा आहे. हा सराव सुरू केल्यापासून मी प्रत्येक हालचालीसोबत एक टायमर लिहू लागलो : आउटपुट दिल्यापासून ठरावीक वेळात लिमिट आला नाही, तर नेमक्या त्या सेन्सरच्या नावाचा अलार्म द्यावा. रात्रपाळीतल्या तंत्रज्ञाला असा अलार्म किती उपयोगी पडतो, हे ब्रेकडाउनला धावलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

स्टॉप बटण एनसी (न दाबता जोडलेले) का असते, हे पुस्तकात वाचून पाठ होते, पण पटत नाही. इथे पटते. स्टॉप बटण न दाबलेल्या स्थितीत त्याचा सिग्नल चालू असतो, म्हणून लॅडरमध्ये त्यासाठी एनओ (सिग्नल चालू असताना जुळणारा) कॉन्टॅक्ट टाकावा लागतो. त्याच सिग्नलमध्ये तार तुटल्याचा बिघाड घातला, की लाइन आपोआप थांबते. बटण एनओ पद्धतीने (दाबल्यावरच जुळणारे) जोडले असते, तर तार तुटल्याचे कळलेच नसते आणि ऐन वेळी बटण दाबूनही काही झाले नसते.

फॅक्टरी आयओमधल्या टाकीतील पातळी राखण्याच्या सीनवर (दृश्यावर) पीआयडीची, म्हणजे मोजलेले मूल्य ठरवलेल्या मूल्यावर राखणाऱ्या नियंत्रणपद्धतीची प्राथमिक ओळख चांगली होते. त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

काही उणिवा स्पष्टपणे सांगायला हव्यात. मॉडबसवरून येणारा सिग्नल ठरावीक अंतराने वाचला जातो, त्यामुळे फार कमी वेळ चालू राहणारा सिग्नल निसटू शकतो. वेगवान मोजणीचा सराव या जोडीवर करू नये. फॅक्टरी आयओ केवळ विंडोजवर चालते आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर मोठे सीन अडखळतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पॅनेलमधले काम इथे शिकायला मिळत नाही. पीएनपी आणि एनपीएन या दोन प्रकारच्या सेन्सरची जोडणी, टर्मिनलमधला सैल स्क्रू, व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलमुळे सिग्नलमध्ये येणारा गोंधळ, कूलंट उडून धूसर झालेली सेन्सरची काच, यांतले काहीही सिम्युलेशनमध्ये नाही. आपत्कालीन बटणही तिथे साध्या इनपुटसारखे वापरले जाते. खऱ्या यंत्रावर ते सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसीमार्फतच जोडलेले असावे लागते, हे शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे.

ओपनपीएलसीवर शिकलेले कारखान्यात चालते का, असे अनेक जण विचारतात. पीएलसी प्रोग्रॅमिंग भाषांचे आयईसी ६११३१-३ हे मानक १९९३ साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि ओपनपीएलसी त्यालाच धरून आहे. त्यामुळे टीओएन (टायमर), सीटीयू (काउंटर), आर-ट्रिग (रायझिंग एज ओळखणारा) ही नावे सीमेन्सच्या टीआयए पोर्टलमध्ये किंवा कोडेसिसमध्ये, म्हणजे पीएलसीच्या इतर प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये गेल्यावर परकी वाटत नाहीत. मात्र भोसरी-पिंपरीकडच्या छोट्या एसपीएम (विशेष कामासाठीची यंत्रे) उत्पादकांकडे काम करायचे असेल, तर डेल्टा कंपनीच्या पीएलसीची सवय वेगळी करावी लागते. तिथे इनपुट एक्स आणि आउटपुट वाय या अक्षरांनी ओळखले जातात आणि क्रमांक अष्टमान पद्धतीने चालतात, म्हणजे एक्स ७ नंतर थेट एक्स १० येतो. डेल्टाचे स्वतःचे सॉफ्टवेअर सिम्युलेटरसह मोफत मिळते, तेव्हा ते सोबत ठेवावे.

फॅक्टरी आयओ विकत घेण्यापूर्वी त्याचा ३० दिवसांचा मोफत चाचणी कालावधी पूर्ण वापरावा, आणि तो सुरू करण्याआधी ओपनपीएलसीवर लॅच (आउटपुट चालू धरून ठेवणे), इंटरलॉक (दोन आउटपुट एकाच वेळी चालू होऊ न देणे) आणि टायमर हात बसेपर्यंत करून घ्यावेत, म्हणजे ते दिवस प्राथमिक गोष्टींत खर्च होणार नाहीत. त्याच्या आवृत्त्या कंट्रोलरच्या ब्रँडनुसार वेगवेगळ्या आहेत. ओपनपीएलसी वापरणाऱ्याला मॉडबस असलेली आवृत्ती पुरते, सर्व ब्रँड असलेल्या महागड्या आवृत्तीची गरज पडत नाही.