यलो रॅस, आठ महिने: मासा चांगला, पण झोपतो फार लवकर

गेल्या मंगळवारी टायमरनं दगा दिला म्हणून हे लिहायला बसलोय. अकरा ते तीन लाईट नव्हती. आमचा टायमर चकतीवाला, साडेतीनशे रुपयांचा. वीज गेली की त्याची चकती आहे तिथं थांबते. त्यामुळे टँकचा दिवा दुपारी एकऐवजी पाचला लागला आणि रात्री दोनपर्यंत जळणार होता. मासा, म्हणजे यलो रॅस हा वाळूत शिरून झोपणारा समुद्री मासा, मात्र रोजच्यासारखा पावणेदहाला टँकमधल्या वाळूच्या डब्यावर आला, अंग तिरकं केलं, दोनदा शेपटी झटकली आणि लख्ख उजेडात वाळूत गडप. आई म्हणाली, "बघ, तुझ्या टायमरपेक्षा ह्याला कळतं."

ऑगस्टमध्ये मुंबईच्या एका दुकानातून मागवला होता. मासा साडेतीन हजार, पार्सलचे सहाशे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थर्माकोलच्या खोक्यातून सकाळी आमच्या सोलापूरच्या सात रस्ता चौकात उतरला. तीन फुटी टँक, पाण्यातली घाण काढणारा स्किमर, पाणी गार ठेवणारा चिलर सगळं आधीचंच.

अडचण होती ती वाळूची. माझ्याकडे तळाला जाडी कोरल खडी, तीही दोन सेंटीमीटर. हा मासा वाळूवर बसत नाही, डोक्यानं सूर मारतो. बारीक वाळू निदान पाच सेंटीमीटर हवी, खडीत त्याचं तोंड सोलतं आणि जखम चिघळते. अख्ख्या टँकची वाळू बदलायची तर नऊ-दहा हजार. शेजारचे काका म्हणाले, "बांधकामाची पडलीय की, ने दोन घमेली." ती क्रश सँड, दगड फोडून केलेली, काचेसारखी धारदार. नको म्हटलं. शेवटी नऊशे रुपयांना तीन किलो बारीक अ‍ॅरगोनाइट (समुद्री चुनखडीची) वाळू घेतली आणि बायको दिवाळीचा चिवडा ठेवते तो दोन लिटरचा चौकोनी डबा काठापर्यंत भरून खडीत रोवला. "अहो, माझा डबा कुठंय?" हे पुढं तीन दिवस चाललं.

तासभर थेंब थेंब टँकचं पाणी पिशवीत सोडून मग मासा सोडला. चार सेकंदांत तो डब्यात, आणि त्यानंतर दिसलाच नाही. नवीन रॅस असं करतो हे वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि एकेचाळीसशे रुपये पुरून बसणं वेगळं. सहाव्या दिवशी दुकानदाराला फोन केला. मासा मेलेला आला तर दोन तासांत व्हिडिओ पाठवायचा, अशी त्यांची अट.

"जिवंत आला होता ना सर?"

"आला होता. पण दिसत नाही."

"दिसण्याची गॅरंटी नसते सर. उकरू नका फक्त."

मी उकरलं. रागाच्या भरात, चमच्यानं. पिवळी रेघ उसळली, थेट वरच्या जाळीवर आदळली आणि परत वाळूत. जाळी नसती तर फरशीवरून उचलावा लागला असता. या चुकीमुळे आणखी तीन दिवस उपास घडला, त्याला आणि मला.

दहाव्या दिवशी दिसला, पण आईला. मी कामाला, दुकानात. सकाळी बाहेर यायचा आणि चारच्या सुमाराला झोपायचा. इंडोनेशियाचा माल आहे असं दुकानदार बोलला होता. बालीत सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे चार वाजायचे असतात, म्हणजे गडी तिकडचंच घड्याळ घेऊन आला होता. हळूहळू आमच्या दिव्याशी जुळला. तेव्हा दिवा नऊ ते सहा होता, आणि हा पावणेसहाला आत. मी घरी येतो आठला.

इथं माझं डोकं फिरलं. मित्र यायचे, "कुठंय बे तुझा मासा?" डब्याकडे बोट दाखवायचं. वाळू धरून पाच हजार घातलेले. दोन महिन्यांत आठ रविवार, रविवारी फार तर दोन तास बघणं. तासाला तीनशे बारा रुपये पडले. ऑक्टोबरमध्ये हे लिहिलं असतं तर 'घेऊ नका' एवढंच लिहिलं असतं.

मग कळलं की याच जातीवर, हॅलिकोइरिस क्रायससवर, 2000 साली प्रयोग छापून आलेत: त्याचं आतलं घड्याळ उजेडाच्या वेळेनं सरकवता येतं. मी दर दोन दिवसांनी टायमर पंधरा मिनिटं पुढं ढकलला. महिनाभरात दिवा एक ते दहावर आला. सकाळचं ऊन अडवायला खिडकीवर जाड चादर लावली, आपली सोलापुरीच. घरात कुणी आजारी आहे का, असं पाहुणे विचारतात. पण मासा सरकला! आता आठ ते पावणेदहा रोज माझ्यासमोर असतो.

आणि समोर असला की नजर हटत नाही. हळदीसारखा पिवळा, पाठीच्या पंखावर काळे ठिपके. खडकाच्या फटीत एक डोळा लावून थांबतो, मग टचकन टिपतो. काचेवर तपकिरी चपट्या किड्यांचा थर धरला होता, त्यासाठी मी बाराशेचं औषध घेणार होतो. तीन आठवड्यांत यानं साफ केला. ते बाराशे मी हिशोबातून वजा केलेत.

चिमुकली कोळंबी पाळली असेल तर मात्र विचार करून घ्या. टँकला जाळी नसेल तर घेऊच नका.

चकतीवाला टायमर वीज आल्यावर दोन दिवस चालला आणि कायमचा अडकला. आता बॅटरीवाला डिजिटल मागवलाय, तो यायचाय. तोवर रात्री दहाला दिवा आई बंद करते. साडेनऊलाच टीव्ही बंद करून खुर्ची डब्याजवळ ओढते आणि कुणाला बोलू देत नाही.