मीठ-कोळशाचा खड्डा की केमिकल अर्थिंग? घरच्या कॉम्प्युटरपुरता विचार

कॅबिनेटला हात लावला की बोटांना मुंग्या येतात, वायरमन येऊन 'अर्थिंगच नाही' म्हणून गेलाय आणि खड्डा घ्यायचं ठरलंय, इथपर्यंत तुम्ही आला आहात असं धरतो. पुढचा प्रश्न वायरमनच टाकतो: "साधं करू की केमिकल?" साधं म्हणजे जमिनीत पुरलेल्या लोखंडी पाइपभोवती मीठ-कोळसा भरायचा. केमिकल म्हणजे तयार इलेक्ट्रोड (धातूचा दांडा) पुरून भोवती बेंटोनाइट या मातीचं किंवा ग्रॅफाइटचं मिश्रण भरायचं. आमच्या घराने आधी साधं पाहिलं, आता केमिकल पाहतंय. हातात मीटर घेऊन केलेली ही तपासणी नाही, वापरणाऱ्याचं मत आहे, तेवढ्याच वजनाने घ्या.

खड्ड्याआधी एक खात्री मात्र करून घ्या. बऱ्याच घरांत खड्डा ठीक असतो आणि अर्थची हिरवी वायर डीबीपासून (घरातल्या मुख्य स्विचबोर्डापासून) सॉकेटपर्यंत पोचलेलीच नसते. किंवा एक्स्टेन्शन बोर्डाची पिन तीनची आणि आतली वायर दोनच तारांची असते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खड्डा सोसायटीचा, त्यामुळे तुमच्या हातात एवढंच आहे. आणि कोणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून "झालं काम" म्हणत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल कुठे तुटली तर कॅबिनेटवर सरळ २३० व्होल्ट येतात. दोन पिनांच्या चार्जरवरचा लॅपटॉप झिणझिणत असेल तर त्यालाही खड्ड्याचा उपयोग नाही, त्या चार्जरला अर्थची पिनच नाही.

आता मुंग्यांबद्दल थोडं, कारण माझा सगळा कौल त्यावर उभा आहे. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसला की पत्रा या दोघांच्या मधोमध लोंबकळतो, साधारण ११५ व्होल्टवर. म्हणून टेस्टर पेटतो. पण प्रवाह अगदी किरकोळ. ४.७ नॅनोफॅरडचे कपॅसिटर धरले तर एक तृतीयांश मिलिअँपिअरच्या आसपास. माणसाला साधारण अर्धा मिलिअँपिअर जाणवू लागतो. मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर एकाच बोर्डावर असले की सगळ्यांची गळती एकत्र होते आणि मग नीट जाणवते, विशेषतः अनवाणी, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर.

एवढासा प्रवाह जमिनीत सोडायला खड्डा भारी लागत नाही. खड्ड्याचा अडथळा ओहममध्ये मोजतात, जितका कमी तितका चांगला. हजार ओहमचा भिकार खड्डा असला तरी एक मिलिअँपिअरला पत्र्यावर एकच व्होल्ट उरतो आणि मुंग्या गायब. म्हणजे मुंग्या थांबल्या याचा अर्थ अर्थिंग उत्तम झालं असा होत नाही. जोड लागला आहे, इतकंच त्यातून कळतं.

आणि खरा फॉल्ट झाला, फेज पत्र्याला चिकटली तर? चांगला म्हणावा असा पाच ओहमचा खड्डा घ्या. २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. ३२ अँपिअरची सी टाइप एमसीबी (प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच) तत्काळ पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. ४६ वर ती बराच वेळ ढिम्म बसेल. तेव्हा खड्डा कोणताही घ्या, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवीच, त्यावर तडजोड नको. तिला शंभर ओहमचा खड्डाही पुरतो, कारण तेवढ्यातूनही दोन अँपिअरच्या वर प्रवाह जातो.

मग विक्रेता जे सांगतो, 'आमचं एक ओहम येतं, साध्याचं येत नाही', त्याचं घरच्या कॉम्प्युटरला फार कौतुक नाही. वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर बसवणार असाल तर ओहम कमी असलेले बरे, हे मान्य. एरवी माझ्या मते प्रश्न एकच: पाच-सात वर्षांनी जोड शाबूत असेल का?

साध्या खड्ड्याचे गुण खरे आहेत. गावातला कोणताही वायरमन करतो, माल समोर दिसतो, लोणारी कोळसा आणि जाडं मीठ यांत कोणी फसवून फसवणार किती. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप किमान अडीच मीटर लांब सांगितला आहे. मुरूम लवकर लागला तर मजूर पाच फुटांवरच "बस झालं" म्हणतात, तेव्हा खड्डा भरायच्या आधी स्वतः उभं राहून मोजावं. भिंतीच्या पायापासून दीड मीटर लांब. काळी माती असेल तर साधाही खड्डा उत्तम चालतो. उन्हाळ्यात नरसाळ्यातून पाणी घालायचं. लोक याचाच कंटाळा सांगतात, पण मला ते कधी जड गेलं नाही. कुंड्यांना घालतो त्यातलंच.

मला जड गेला तो नटबोल्ट.

पाइपच्या डोक्यावर क्लॅम्प, क्लॅम्पला नटबोल्ट आणि त्यात घरातून आलेली तांब्याची वायर, हा सगळा संसार खड्ड्याच्या तोंडावरच्या त्याच चेंबरमध्ये असतो जिथे आपण पाणी ओततो. खाली मीठ. ओल वर चढते, ती खारी. तांबं, जस्त आणि खारं पाणी एकत्र आले की जस्त आधी जातं, मग लोखंड. आधी नटावर पांढरी भुकटी दिसते, मग तांबडा गंज, आणि मग वायर दिसायला जागेवर असते पण जोड मेलेला असतो. आमच्याकडे हे पुन्हा पुन्हा झालं. वायरमन यायचा, पॉलिश पेपरने घासायचा, नट आवळायचा, मुंग्या जायच्या. एखादा पावसाळा उलटला की संध्याकाळी पेनड्राइव्ह लावताना बोटाला तीच ओळखीची चुणूक.

त्रास मुंग्यांचा नव्हता. मुंग्या तर उपकारच करत होत्या, कारण जोड तुटल्याचं त्याच सांगत होत्या. दुसरं कोणीच सांगत नाही. आरसीसीबीचं 'टी' लिहिलेलं बटण दाबा, ती झकास पडेल, कारण ते बटण आतल्या आतच गळतीची नक्कल करतं. अर्थची वायर तुटलेली असली तरी ते बटण पास. आणि मुंग्यांचा एखादा मिलिअँपिअर तिच्या खिजगणतीत नसतो. अशा वेळी गीझरमध्ये किंवा वॉशिंग मशीनमध्ये फॉल्ट झाला, तर आरसीसीबी पडते ती कोणीतरी हात लावल्यावर. पडते, जीव बहुधा वाचतो, पण आधी झटका बसतो. कॉम्प्युटरवर बसणारा मी होतो म्हणून कळत होतं. ज्या घरात कॉम्प्युटर नाही तिथे हा मेलेला जोड वर्षानुवर्षं तसाच राहत असेल.

केमिकलमध्ये हा एक मुद्दा बदलतो. इलेक्ट्रोडच्या डोक्याला बहुधा कंपनीतूनच पट्टी वेल्ड केलेली येते, भोवती बेंटोनाइट किंवा ग्रॅफाइटचं मिश्रण असतं, मीठ ओतायचं नसतं. टिनचा मुलामा दिलेला लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा), जाड वॉशर, वर पेट्रोलियम जेलीचा लेप, एवढ्यावर आमचा जोड अजून पहिल्यासारखा आहे. चेंबरचं झाकण उघडून बघतो अधूनमधून, सवय गेलेली नाही. दुसरा फायदा जागेचा: वीतभर रुंद बोअर पुरतो. रो-हाउसच्या चिंचोळ्या बाजूपट्टीत किंवा खाली काळा पाषाण असेल तिथे माणूस उतरेल एवढा खड्डा खणणं म्हणजे नुसती शिक्षा, तिथे तर दुसरा विचारच नको. खडकात मिश्रणाचा उपयोगही जास्त, कारण अडथळा मुख्यतः इलेक्ट्रोडलगतच्या मातीचा असतो आणि तीच आपण बदलतो.

तक्रारी आहेत. आमच्याकडे खर्च साध्याच्या दुपटीहून वर सांगितला गेला. 'आयुष्यभर देखभाल नको' हे वाक्य मी मनावर घेत नाही. बेंटोनाइट पाणी पिऊन फुगतं आणि तसंच सुकलं तर आकसतं, आकसलं की इलेक्ट्रोडपासून सुटतं. तेव्हा कडक उन्हाळ्याच्या भागात वैशाखात बादलीभर पाणी यालाही द्यावं. आणि सगळ्यात खटकतं ते हे की आत काय गेलं ते कळत नाही. बंद पोती आपल्यासमोर फोडायला लावा. काही कारागीर सवयीने वरून दोन घमेली मीठ टाकतात, "अजून चांगलं चालेल" म्हणून. तेवढं होऊ देऊ नका, नाहीतर महाग पैसे मोजून पुन्हा तोच गंजका नट पदरात.

माझा कौल कुठे झुकतो ते लपलेलं नाही. जमीन खडकाळ असेल, जागा अरुंद असेल किंवा झाकण उघडून बघायला घरात कोणाला वेळ नसेल तर केमिकल घ्या. काळी माती, मोकळं अंगण आणि हात राखून खर्च करायचा असेल तर साध्याला नाव ठेवणार नाही. फक्त वायरमनला आधीच बजावा की चेंबरमध्ये नटबोल्ट नको. पाइपच्या डोक्याला जीआय पट्टी वेल्ड करून घ्यायची, वेल्डवर डांबर किंवा जस्ताचा रंग मारायचा, पट्टी जमिनीच्या वर दीड-दोन फूट भिंतीवर आणायची आणि तांब्याची वायर तिथे, कोरड्यात जोडायची. वेल्डिंगवाल्याला बोलवायचं म्हणून वायरमन कुरकुर करेल, थोडे पैसे वाढतील. आम्ही साधं घेतलं तेव्हा कोणी हे सुचवलं असतं तर केमिकलपर्यंत गेलोही नसतो कदाचित.