कुत्र्याला घेऊन कोकणात : स्वतःची गाडी की कोकणकन्या?

ठाण्याहून कुडाळजवळच्या आमच्या गावी लाली दोन्ही प्रकारे गेली आहे, तीनदा स्वतःच्या गाडीने आणि एकदा कोकणकन्या एक्स्प्रेसने, म्हणजे रेल्वेने. लाली आमची गावठी कुत्री, सहा वर्षांची, वजन वीस किलो. सुट्टी जवळ आली की ओळखीचे कुत्रेवाले विचारतात, यातलं बरं काय? मी आधी उलट विचारते, तुमचं कुत्रं शी-शू किती तास धरून ठेवतं? निम्मं उत्तर त्यातच मिळतं.

रेल्वेत कुत्र्याला आपल्यासोबत डब्यात न्यायचं तर फक्त फर्स्ट क्लास, तेही आख्खं दोन बर्थचं कुपे किंवा चार बर्थची केबिन आपलीच असेल तर. टू टियर, थ्री टियर, स्लीपर, चेअर कार यांत परवानगी नाही. कुत्र्याच्या बुकिंगच्या पावतीशिवाय सापडलात तर लगेजच्या दराच्या सहापट वसुली होते. कोकणकन्येला फर्स्ट एसी आहे, पण आपल्याला कुपे मिळालं का, हे चार्ट लागल्यावरच कळतं. आधी अर्ज करता येतो, खात्री कुणी देत नाही. चौघांचं कुटुंब असेल तर केबिन आपोआप आपली होण्याची शक्यता बरीच असते. दोघंच असाल तर धाकधूक शेवटपर्यंत राहते. ठाण्याला गाडी जेमतेम थांबते, म्हणून आम्ही सीएसएमटीलाच गेलो. तिकीट, लसीकरणाचं कार्ड आणि आदल्या दिवशी डॉक्टरांकडून आणलेला फिटनेसचा दाखला घेऊन पार्सल ऑफिसात दोन तास आधी पोचलो, तेव्हा कुठे पावती हातात पडली.

एकदा केबिनचं दार लावलं की मात्र या प्रवासासारखं सुख नाही. एसी, अंधार, डब्याची लय. पनवेल येईपर्यंत लाली झोपीही गेली होती. अडचण सकाळी आली. बाहेरच शी-शू करायला शिकवलेलं कुत्रं डब्यात पॅडवर करत नाही, आणि स्टेशनवर दोन-पाच मिनिटांत उतरवून आणायची हिंमत होत नाही. तिने रात्रभर धरून ठेवलं आणि कुडाळला उतरल्यावर फलाट संपेपर्यंतही तिला दम निघाला नाही. त्या दिवशी मला तिची फार दया आली. गाडीला उशीर झाला असता तर काय, हा विचार अजून मनातून जात नाही. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या मुद्दाम सावकाश धावतात, तेव्हा हे तास आणखी वाढतात.

ब्रेक व्हॅनमधली, म्हणजे गार्डच्या आणि सामानाच्या डब्यातली, कुत्र्याची पेटी हा तिसरा मार्ग कागदावर आहे. कुपे मिळालं नाही तर तिकीट रद्द करा, पण त्या पेटीत कुत्रं घालू नका.

आता स्वतःची गाडी. इथे थांबे आपल्या हातात असतात आणि कुत्र्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आम्ही पहाटे चारला निघतो आणि दर दोन-अडीच तासांनी थांबतो. निघण्याच्या तीन-चार तास आधीच थोडंसं खाणं, नंतर फक्त घरचं पाणी. रस्त्याकडेच्या डबक्याला तोंड लावू द्यायचं नाही, लेप्टो या आजाराची भीती असते. वडापाव, कांदाभजी तर नाहीच. कांदा कुत्र्याला विषारी असतो. मागच्या सीटवर हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घालून तो सीटबेल्टला अडकवायचा, गळ्याचा पट्टा कधीच नाही. जोरात ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो. दार उघडण्याआधी साखळी हातात हवी, कारण ढाब्यावरची कुत्री लगेच धावून येतात.

गाडीने जायला किमान दोन मोठी माणसं हवीत, यावर मी हटून बसते. एकट्याने गेलात की लघवीला जायचं तरी कुत्रं बंद गाडीत राहतं. बाहेर 24 अंश असताना बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत जवळपास दहा अंशांनी चढतं, अर्ध्या तासात चाळिशी ओलांडतं. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच शरीर थंड करतं, आणि आजूबाजूची हवाच तापली की धापाही उपयोगी पडत नाहीत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं तर मे महिन्यात नावच काढू नका.

रस्ता कुठला धरायचा, हे कुत्र्याच्या पोटावर ठरवा. वळणांवर ओकणारं असेल तर मुंबई-गोवा महामार्ग बरा. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाट टळतो. पण चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे आणि माणगाव, संगमेश्वर भागात हाडं खिळखिळी होतात. पुणे-कोल्हापूर-निपाणी-आजरा-आंबोली ही वाट थोडी लांब आहे, तरी रस्ता बहुतेक चांगला, आणि घाट आंबोलीपाशी एकदम शेवटी उतरायचा. लाली पिल्लू असताना ओकायची, पिल्लांचा आतला कान पुरता तयार नसल्याने ते होतंच. दीड वर्षाची झाल्यावर थांबलं. एक्स्प्रेसवेवर कडेला थांबता येत नाही, त्यामुळे थांबे फूड मॉल बघूनच ठरवावे लागतात. आंबोलीत मुक्काम केलात तर अंधार पडल्यावर कुत्र्याला फिरवू नका, तिथे बिबट्या आहे.

गावी पोचल्यावरचं दोन्हीकडे सारखंच. गोचिडाचं औषध आधीच लावलेलं हवं, आणि गवतात, दगडांत नाक खुपसू द्यायचं नाही. आमच्याकडे फुरसं, म्हणजे विषारी साप, निघतं.

एकंदरीत मला विचाराल तर, तरुण कुत्रं, थंडीचे दिवस आणि दोन मोठी माणसं असतील तर गाडी. म्हातारं, शांत, रात्र काढू शकणारं कुत्रं आणि चौघांचं कुटुंब असेल तर कोकणकन्या. मे महिना असेल, किंवा तीन दिवसांसाठीच जाणार असाल, तर त्याच्या ओळखीच्या माणसाकडे ठेवा. बोर्डिंगला ठेवणार असाल तर जागा स्वतः जाऊन बघा, आणि केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस काही दिवस आधी द्या, आदल्या दिवशी नव्हे. यंदा डिसेंबरात आम्ही आंबोलीमार्गे निघतोय. लालीचा हार्नेस कालच धुऊन वाळत घातलाय.